इरिडियमचं गणित आणि दिघीचा गेटवे

पुण्यात टेलिकॉमवाल्यांच्या गप्पांत इरिडियमचा, म्हणजे थेट उपग्रहावरून चालणाऱ्या फोनसेवेचा, विषय निघाला की 'हँडसेटनं बुडवलं' हे उत्तर ठरलेलं. हँडसेट सुमारे 3,000 डॉलरचा होता, हातात विटेसारखा जड लागायचा, छताखाली चालत नसे. सगळं खरं. पण तो फुकट वाटला असता तरी हिशेब जुळला नसता.

मोटोरोलाच्या या योजनेत 780 किलोमीटर उंचीवर 66 उपग्रह होते, सहा कक्षांत प्रत्येकी 11. इतक्या खालून फिरणारा उपग्रह दहाएक मिनिटांत नजरेआड होतो आणि चालू कॉल मागून येणाऱ्याच्या हवाली करावा लागतो. त्यामुळे जाळं पुरं होईपर्यंत विकायला काहीच नाही. मोबाइल कंपनी आधी डेक्कनला टॉवर लावते, पैसा येऊ लागला की हडपसरकडे सरकते. इथे ती सोयच नव्हती. सुमारे 5 अब्ज डॉलर ओतून झाल्यावर 1 नोव्हेंबर 1998 ला सेवा सुरू झाली.

जाळं चालवण्याचं कंत्राटही मोटोरोलाकडेच, महिन्याला सुमारे 4.5 कोटी डॉलर. कर्ज देणाऱ्या बँकांची अट होती मार्च 1999 अखेर 27,000 सॅटेलाइट ग्राहकांची. जमले सगळ्या प्रकारचे ग्राहक मिळूनही दहा हजारांच्या आसपास. पण अट पुरी झाली असती तर? 4.5 कोटी भागिले 27,000, म्हणजे माणशी दरमहा 1,667 डॉलर. मिनिटाला 5 डॉलर धरले तर प्रत्येकानं महिन्याला साडेपाच तास बोलायचं, तेही विक्रेत्याला दमडी न देता. कर्जाचं व्याज यात धरलेलंच नाही. 13 ऑगस्ट 1999 ला इरिडियम कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

पुण्याजवळच्या दिघीचा गेटवे, म्हणजे उपग्रहांशी बोलणारं जमिनीवरचं केंद्र, याच जाळ्यातला. कॉल साध्या टेलिफोन जाळ्यात उतरवणं, ग्राहकाची नोंद तपासणं, बिल बनवणं ही त्याची कामं. मावळत्या उपग्रहामागे एक अँटेना आणि उगवत्याला धरायला दुसरा, असा खर्चिक थाट. खरं तर उपग्रह आपसात थेट जोडलेले होते, त्यामुळे मोजके गेटवे पुरले असते. तरी देशोदेशीच्या भागीदारांनी आपापले बांधले.

पुढे कोर्टबाजी. भारतातला भागीदार इरिडियम इंडियानं 2001 मध्ये पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर मोटोरोलाविरुद्ध फसवणुकीची तक्रार केली. मुंबई उच्च न्यायालयानं 2003 मध्ये ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये पुन्हा जिवंत केली: गुन्हेगारी हेतू कंपनीचाही असू शकतो, म्हणून खटला चालू शकतो. आरोप सिद्ध झाले, असा त्याचा अर्थ नव्हे. वकिलांना इरिडियम आजही आठवतं ते मुख्यतः यामुळे.

डिसेंबर 2000 मध्ये सगळी मालमत्ता अवघ्या 2.5 कोटी डॉलरना गेली. नव्या मालकांना अमेरिकी संरक्षण खात्याचं दोन वर्षांचं 7.2 कोटी डॉलरचं काम मिळालं आणि जाळं चालवायला बोइंग आली. उपग्रह तेच, आवाजही तोच. जुनं कर्ज तेवढं डोक्यावर नव्हतं.

सेवा अजून चालू आहे. पण सह्याद्रीत ट्रेकला इरिडियमचा फोन किंवा त्यावर चालणारा ट्रॅकर न्यायचा बेत असेल तर थांबा: दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो भारतात जवळ बाळगणंही बेकायदा आहे.