वीणा खाली ठेवायची नाही

आमच्या भजनी मंडळाचा सप्ताह दरवर्षी चैत्र शुद्ध द्वितीयेला बसायचा आणि रामनवमीला काल्याच्या कीर्तनाने उठायचा. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. 18 अध्याय, 9 हजारांच्या आसपास ओव्या, सात दिवसांत.

लहानपणी मला ओढ असायची ती वीणेच्या पहाऱ्याची. सातही दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा समोर यायचा, दोघं एकमेकांच्या पाया पडायचे आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जायची. रात्री दोनचा पहारा माझे काका मागून घ्यायचे. "त्या वेळी देव मोकळा असतो," म्हणायचे.

2020 साली पाडव्यालाच, 25 मार्चला, लॉकडाऊन लागला. दुसऱ्या दिवशी आमचा सप्ताह बसायचा होता. मांडवाचे बांबू आणलेले तसेच पडून राहिले. संध्याकाळी काकांनी मंडळातल्या प्रत्येकाला फोन केला: वीणा देवळातच राहू दे, पहारा घरी करू. ज्याचा तास असेल त्याने देवापुढे उभं राहून नाम घ्यायचं, तास संपला की पुढच्याला फोन लावायचा. "माउली, वीणा घ्या." पलीकडून उत्तर यायचं, "घेतली, माउली."

त्यात एकट्या राहणाऱ्या आक्का होत्या. मुलगा दूर, दार बंद, गुडघे दुखरे. पहाटे चारचा तास त्यांनी स्वतःहून घेतला. रामनवमीला सप्ताह उठला, पण आक्कांचा फोन दुसऱ्या दिवशीही चारला वाजला. मग आम्हीही थांबलो नाही. रोज संध्याकाळी सातला हरिपाठ, आणि ज्याला जमेल त्याने सकाळी शंभर ओव्या. एरवी सात दिवसांत पोथी धावत वाचली जायची. त्या वर्षी मी पहिल्यांदा एकेका ओवीपाशी बसलो. दुपार कशी जायची हा प्रश्नच उरला नाही. आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, ते टीव्हीवर बघताना आक्का फोनवर रडत होत्या. रडून झाल्यावर म्हणाल्या, "चला, सात वाजले."

16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला देवळं उघडली. मांडव मात्र पडला तो थेट 2022 च्या चैत्रात, निर्बंध उठले तेव्हा. पहिला पहारा कुणी ठरवला नव्हता, तरी वीणा आपोआप आक्कांकडे गेली. खुर्चीत बसा म्हटलं तर ऐकेनात. खांबाला हात धरून उभ्या राहिल्या. तास संपला, पुढचे माउली समोर येऊन थांबले, पण पाया पडायला वाकेनात. आक्कांचे डोळे मिटलेले होते आणि नाम चालू होतं.