वलंदेजांच्या गावात चार तास

तिकीट हातात आलं तेव्हा मुंबई ते बॉस्टनच्या मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला 9 तास 5 मिनिटांचा थांबा दिसला. लेक फोनवर हळहळली, "आई, एवढा वेळ विमानतळावर बसून काय करणार गं तुम्ही?" तिचं बोलणं संपायच्या आत आमच्या ह्यांनी कागद ओढून यादी सुरू केली : व्हॅन गॉग संग्रहालय, अ‍ॅन फ्रँकचं घर, राइक्सम्युझियम, कालव्यातली बोट, पवनचक्क्या, ट्युलिप. नोव्हेंबरात ट्युलिप! मी सत्तावीस वर्षं बँकेत काढलेली. मला जमेच्या आधी वजावट दिसते.

थांब्याचे तास पगारासारखे असतात, कागदावर एक आणि हातात भलतेच. आमचं विमान सकाळी 6:45 ला उतरणार. लांबलचक चालून, पासपोर्टची रांग संपवून बाहेर यायला तास-सव्वा तास. ऑक्टोबर 2025 पासून युरोपात शिरताना पहिल्या खेपेला बोटांचे ठसे आणि फोटोही घेऊ लागलेत, त्याचा वेळ वेगळा धरायचा. पुढचं विमान दुपारी 3:50 चं आणि तेही अमेरिकेचं, म्हणजे गेटवर कागदपत्रांची पुन्हा उलटतपासणी. एक वाजता विमानतळावर परत, हे मी ठरवूनच टाकलं. मधले गाडीचे वेळ काढले की उरतात चार तास. नऊचे चार. थांबा सहा तासांहून कमी असेल तर बाहेर पडूच नये असं माझं मत. चहा प्यावा, पाय लांब करावेत.

"अमेरिकेचा व्हिसा आहे ना, मग सोडतात बाहेर," असं आम्हाला दोन जाणत्या माणसांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. नाही सोडत. भारतीय पासपोर्टवर विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकायला शेंगेन व्हिसाच (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा) लागतो. त्याची फी माणशी 90 युरो, वर 30,000 युरोंचा प्रवास विमा. नुसत्या चार तासांसाठी हा खर्च करा असं मी कुणालाच सांगणार नाही. आम्ही आदल्या वर्षी भाच्याकडे जर्मनीला गेलो होतो, तो मल्टिपल एंट्रीचा व्हिसा अजून चालू होता म्हणून हा उद्योग. तुमच्याकडे असा व्हिसा असेल तर तारीख आणि त्यावर 'मल्ट' लिहिलंय का, हे दोन्ही घरीच बघून घ्या. 2024 पासून एक सोय झाली आहे : आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरलेले असले, तर भारतात राहणाऱ्याला दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो. मुलं परदेशात असलेल्यांना तो फार कामाचा.

आता यादीचं काय झालं ते. अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची सुटतात आणि बघता बघता संपतात. व्हॅन गॉगलाही वेळ ठरवूनच जावं लागतं. विमान दीड तास उशिरा आलं तर ते तिकीट गेलंच, आणि वेळेवर आलं तरी रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी चित्रं काय बघायची? यादी फाडली. ह्यांनी अर्धा दिवस अबोला धरला.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथे डच वखार आहे. छप्पर गेलेलं, भिंतींवर मुळं चढलेली, लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. सतराव्या शतकात गोव्यातल्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला आणि व्यापाराला डचांनी ती थाटली. आपल्या जुन्या कागदांत त्यांना वलंदेज म्हणतात. त्या वलंदेजांच्या कंपनीची कचेरी अ‍ॅमस्टरडॅममध्ये अजून उभी आहे, हे मला मोठ्या भावाने सांगितलं होतं. दादा म्हणाला, "आमच्याकडे चारशे वर्षांपूर्वी न विचारता आले, तू एकदा त्यांच्याकडे जाऊन ये." एवढा एकच धागा पकडला, बाकी सगळं त्याच्या वाटेवर जे येईल ते.

अ‍ॅमस्टरडॅमचा स्किपोल विमानतळ सगळा एकाच छपराखाली, आणि रेल्वे स्टेशन थेट त्याच्या पोटात. मोठ्या बॅगा मुंबईतच बॉस्टनपर्यंत लावल्या होत्या. दोन वेगवेगळी तिकिटं काढलीत तर बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात, मग या चार तासांचे दोन होतात. हातातल्या बॅगा तळघरातल्या लॉकरमध्ये टाकल्या. कार्डाने पैसे, पावती जपून ठेवायची. बाहेर पडण्याआधी विमानतळावरच स्वच्छतागृहात जाऊन या, गावात त्याचे पैसे पडतात.

रेल्वेचं तिकीट काढायची गरज नाही. नेदरलँड्समध्ये रेल्वे, मेट्रो, ट्राम, सगळीकडे आपलं बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चढताना टेकवायचं आणि उतरताना टेकवायचं. माणशी एक कार्ड. परदेशातले व्यवहार भारतातूनच चालू करून घ्या. स्किपोलला दारं-बिरं नाहीत, नुसते खांब आहेत, त्यामुळे टेकवायचं राहून जातं. आमची फजिती पुढे झाली. ह्यांनी स्किपोलला कार्ड टेकवलं आणि गावातल्या सेंट्रल स्टेशनला ऐटीत फोन टेकवला. कार्ड तेच, पण फोनमधलं कार्ड यंत्राच्या लेखी वेगळं. दार उघडेना, मागे कामावर निघालेल्यांची रांग. शेवटी खिसे चाचपून खरं कार्ड निघालं. जे टेकवून आत जाल, तेच टेकवून बाहेर या. चुकलात तर प्रवास अर्धवट समजून जास्त पैसे कापले जातात.

पंधरा-सतरा मिनिटांत अ‍ॅमस्टरडॅम सेंट्रल. ज्या जमिनीवर विमान उतरलं ती समुद्रसपाटीपासून साधारण 4 मीटर खाली आहे. तिथे मोठं सरोवर होतं, ते 1852 साली वाफेच्या पंपांनी उपसून कोरडं केलं. आमच्याकडे खाडीकाठी बांध घालून खारजमीन शेतीला आणतात, तोच प्रकार, पण केवढा! सेंट्रल स्टेशन तर 8,687 लाकडी खांबांवर उभं आहे. डॅम चौकातल्या राजवाड्याखाली 13,659 खांब, आणि तिथली शाळकरी मुलं तो आकडा वर्षाचे दिवस 365, पुढे 1 आणि मागे 9 असा पाठ करतात.

स्टेशनातून सगळे पुढच्या दाराने बाहेर पडतात. तुम्ही मागच्या दाराने जा. तिथे आय नावाचं रुंद पाणी आहे आणि पलीकडे नेणारी फेरीबोट चक्क फुकट. बाउक्स्लोटरवेखची पाटी बघून चढा, पाचेक मिनिटांत पलीकडे. साडेआठला नुकतं उजाडलं होतं. बोटीत बसायला जागाच नव्हती, सगळे सायकली धरून उभे. माझ्या शेजारी एक बाई, सायकलला पुढे लाकडी खोका, खोक्यात दोन पोरं आणि एक कोबी. थोरला धाकट्याला कोबीवर पाय ठेवू देत नव्हता. पलीकडे बोटीचं दार उघडलं आणि पंचवीस-तीस सायकली एकदम सुटल्या, आम्ही दोघं कठड्याला चिकटलो. त्याच बोटीने परत आलो. पैसे देऊन कालव्यातली बोट घेणं वाईट नाही, पण चार तासांतला एक तास तिलाच जातो.

तिथून पायी. दामरॅक या मोठ्या रस्त्याने गेलात तर चुंबक आणि टोप्या विकणारी दुकानंच दिसतील. डावीकडची झेडाइक गल्ली धरा, हा गावाचा जुना समुद्रबांध. ती न्यूवमार्क्ट चौकात निघते. चौकात बुटक्या मनोऱ्यांची दे वाख ही 1488 ची इमारत, आधी गावाची वेस, नंतर मालाचा काटा. या सगळ्याच्या उजव्या हाताला लाल दिव्यांची वस्ती आहे. सकाळी ती झोपलेली असते, बायकामाणसांनी जायला काही हरकत नाही. मात्र खिडक्यांकडे कॅमेरा रोखायचा नाही.

पुढे क्लोव्हेनियर्सबुर्गवाल कालव्यावर एक गंमत बघा. 29 नंबरला त्रिप नावाच्या शस्त्रांच्या व्यापारी भावांचा वाडा, धुराडी तोफांच्या आकाराची. आणि कालव्यापलीकडे 26 नंबरला जेमतेम अडीच मीटर रुंदीचं घर. वाड्याच्या दाराएवढं घर मिळालं तरी पुरे, असं त्यांचा नोकर म्हणाला म्हणून ते बांधून दिलं, अशी दंतकथा. घरांचे जिने इतके अरुंद की कपाट-पलंग खिडकीतून चढवतात. बहुतेक जुन्या घरांच्या माथ्यावर त्यासाठी तुळई आणि आकडा असतो. चालताना एवढंच सांभाळा की लालसर रस्ता सायकलींचा आहे. घंटी वाजली की थांबू नका, बाजूला व्हा.

त्याच कालव्याजवळ औडे होख्श्ट्राट गल्लीत ते घर सापडलं, ओस्ट-इंडिश हाउस. 1602 ला स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची ही कचेरी, 1606 पासूनची. कंपनीचे सतरा धनी इथे बसून जावापासून वेंगुर्ल्यापर्यंतचे हिशोब बघायचे. कमानीतून आत गेलं की चौरस अंगण, लाल विटा, पांढऱ्या दगडाचे पट्टे. मला वाटलं होतं पहारेकरी असेल, निदान तिकीटखिडकी. काही नाही. आता ते विद्यापीठाचं आवार आहे. अंगणात सायकलींचा ढीग आणि पायरीवर एक मुलगी डब्यातलं काहीतरी खात, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. तिने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी भिंतीला हात लावला. वीट गार होती. आमच्या वखारीची भिंत या दिवसांत दुपारपर्यंत तापलेली असते. ह्यांनी फोटो काढला आणि म्हणाले, "चल, पावणेदहा झाले." एवढंच. पण सगळ्या प्रवासात मला आठवतं ते हेच. (शनिवार-रविवारी कमान बंद असू शकते, कामाच्या दिवशी जा.)

पश्चिमेला दहा मिनिटांवर स्पाउ चौक. तिथे जवळच एका साध्या दारातून बेगाइनहोफ या अंगणात जाता येतं, फुकट. लग्न न केलेल्या, पण जोगीण म्हणून शपथही न घेतलेल्या धार्मिक बायका इथे एकत्र राहायच्या. त्यांच्यातली शेवटची 1971 साली गेली. आजही इथे फक्त बायकाच राहतात, म्हणून हळू बोलायचं. 34 नंबरचं काळं लाकडी घर 1528 च्या सुमाराचं. आगी लागून लागून लाकडी घरांवर बंदी आली, म्हणून असं घर आता विरळा. आमची कुमुदआत्या इथे छान रमली असती असं ह्यांना वाटलं. मलाही.

यानंतरची गोष्ट कुठल्याच यादीत नव्हती. जवळच रोकिन मेट्रो स्टेशन. ही 52 नंबरची मेट्रो 2018 ला सुरू झाली, आणि ती खणताना अ‍ॅमस्टेल नदीच्या तळातून निघालेल्या वस्तूंपैकी सुमारे 9,500 वस्तू दोन सरकत्या जिन्यांच्या मधल्या काचेच्या पेटीत लावून ठेवल्यात. जिना खाली उतरतो आणि शेजारून वस्तू सरकत जातात : किल्ल्या, चमचे, मातीच्या चिलमी, फासे, कवळी, मोबाइल. शतकानुशतकं लोकांच्या हातून पाण्यात पडलेलं सगळं. आम्ही दोनदा वर येऊन दोनदा उतरलो. मेट्रोच्या भाड्यात एवढं बघायला मिळत असेल तर म्युझियमच्या रांगेत कोण उभं राहील?

मेट्रोचं पुढचं स्टेशन सोडून त्यापुढचं दे पाइप. वर आलात की आल्बर्ट काउप बाजार, रविवार सोडून रोज. गरम स्ट्रोपवाफल डोळ्यांदेखत करून देतात, दोन पातळ वाफलच्या मध्ये काकवीसारखा पाक. हातात धरवत नाही इतकं गरम, पण पाकीटबंद घेऊ नका. एका दुकानावर 'पिन ओन्ली' अशी पाटी. आमचे हे कार्डाच्या पिनचे आकडे आठवत बसले. अर्थ एवढाच की रोख चालत नाही, कार्ड द्या.

जेवण मात्र सुरिनामी रोटीचं करा. 1873 पासून डचांनी बिहार-उत्तर प्रदेशातली माणसं कराराने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या आपल्या वसाहतीत मळ्यांवर नेली. 1975 च्या सुमारास त्यांचे नातूपणतू मोठ्या संख्येने इथे आले. मऊ मोठी रोटी, बटाट्याचा रस्सा, हातभर लांब चवळीच्या शेंगांची भाजी. मांस नको म्हटलं की अंडं किंवा नुसती भाजी देतात. वाढणारे आजोबा ह्यांच्याशी भोजपुरीसारखं काही बोलले, हे पुणेरी हिंदीत उत्तरले, दोघंही खूश.

परतताना सेंट्रलला जाऊ नका. त्याच मेट्रोने अ‍ॅमस्टरडॅम झाउड स्टेशनला उतरा, तिथून स्किपोलची गाडी आठेक मिनिटांत पोहोचवते. दे पाइपला फलाट एकाखाली एक आहेत, दिशेची पाटी बघून मगच खाली उतरा. झाउडला मेट्रोतून बाहेर पडताना कार्ड टेकवायचं आणि रेल्वेसाठी पुन्हा टेकवायचं, दोन्ही कारभार वेगळे.

12:50 ला लॉकर उघडला. गेटवर बसून दादाला विटांच्या अंगणाचा फोटो पाठवला. लगेच त्याचा फोन, "काय गो, वखारवालो गावलो काय?"

म्हटलं, "गावलो. पण आता शाळा चालवता."