भिंत चाटणारं शिंगरू

घोडी रात्री दोनच्या सुमारास व्याली. पुढचे खूर दिसल्यापासून अख्खं शिंगरू गवतावर येईपर्यंत दहा मिनिटंही लागली नाहीत. एरवी वीस-पंचवीस लागतात. "सुखानं सुटली, डॉक्टर," मोतद्दार मामा म्हणाले. पुण्याजवळच्या स्टड फार्मवर फेब्रुवारी-मार्चच्या रात्री आम्ही जागूनच काढतो, त्यामुळे मलाही हायसं वाटलं.

शिंगरू तासाभरात उभं राहिलं, पण आईकडे गेलंच नाही. भिंतीशी जाऊन चुना चाटत बसलं, मग कोपऱ्यात डोकं खुपसून थांबलं. आई दबक्या आवाजात बोलावत होती, त्याचा कानही हलेना. तोंडात बोट दिलं, तर चोखेना.

घोडीच्या वारेतून पिल्लाला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती सगळी चिकातून येते, आणि आतडं ती घेऊ शकतं ते पहिल्या 24 तासांत. पहिले सहा-आठ तास सगळ्यात मोलाचे. वाट बघण्यात अर्थ नव्हता. घोडीचा चीक पिळला आणि नाकातून नळी घालून त्याच्या पोटात सोडला.

एरवी पहिल्या तासात मी नाळेला औषध लावण्यापुरताच हात लावतो. अमेरिकेतले पशुवैद्य रॉबर्ट मिलर यांनी जन्मल्याबरोबर शिंगराचे कान, तोंड, खूर चोळून त्याला माणसाची सवय लावायची पद्धत लोकप्रिय केली. मला मात्र तो वेळ मायलेकरांचाच वाटतो. पण या पोराच्या बाबतीत दूर राहणं परवडणार नव्हतं.

कॅलिफोर्नियातले डॉ. जॉन मॅडिगन यांचं म्हणणं असं, की पोटात शिंगराला गुंगीत ठेवणारी द्रव्यं जन्मवाटेच्या दाबानं ओसरतात. फार झटकन बाहेर आलेल्या पिल्लात ती गुंगी रेंगाळू शकते. म्हणून तो दाब दोरानं पुन्हा द्यायचा. आधी मी एकेक बरगडी चाचपली, कारण बरगडी मोडलेली असेल तर हे करायचंच नसतं. मग मऊ सुती दोराचे छातीभोवती वेढे घेतले आणि हळूहळू ओढ दिली. शिंगरू पाय मोडून आडवं झालं आणि झोपलं. पापण्या मिटल्या, खालचा ओठ लोंबला. खुरांवरची रबरासारखी मऊ झालर अजून ओली होती. मामांनी घोडीला इतकं जवळ धरलं होतं, की तिचा श्वास त्याच्या मानेवर पडावा. घड्याळ लावून 20 मिनिटं.

दोर सोडला. ते उठलं आणि पुन्हा भिंतीकडे गेलं.

रात्रभर नळीनं दूध दिलं. सकाळी आठला पुन्हा दोर. या वेळी उठल्यावर त्यानं मान झटकली, आईच्या बरगडीला नाक घासलं, आधी पुढच्याच पायांत शोधलं, मग मागे सरकलं. कास सापडली. चुटचुट आवाज यायला लागला तेव्हा मामा तोंड फिरवून उभे राहिले. नुसत्या शुश्रूषेनंही अशी बरीच शिंगरं सावरतात, त्यामुळे सगळं श्रेय मी दोराला देणार नाही. पण ती सकाळ मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी रक्ततपासणीही चांगली आली. मला आता वेगळीच काळजी होती. या पोराला माणूस म्हणजे नळी, सुई आणि दोर एवढंच ठाऊक. दार वाजलं की ते आईच्या आडोशाला जायचं. धरून सवय लावावी का, असं मी मामांना विचारलं.

"त्याला नका हात लावू डॉक्टर. आईला खरारा करू. ते बघतंय ना."

फ्रान्समध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमकं हेच केलं होतं: पहिले पाच दिवस रोज थोडा वेळ फक्त आईला हळुवार ब्रश करायचा आणि हातानं खाऊ घालायचं. त्या शिंगरांची माणसाबद्दलची भीती कमी झाली. मामांनी हे त्यांच्या वडिलांकडून घेतलेलं.

मामा रोज सकाळी घोडीला खरारा करायचे, तोंडानं बारीक शीळ घालत, शिंगराकडे न बघता. चौथ्या दिवशी ते आडोशातून बाहेर आलं. आधी मामांच्या बाहीचा वास घेतला, मग बाही ओठांत धरली. मामांचा हात थांबला नाही. घोडीच्या पाठीवरून फिरता फिरता ब्रश खाली आला, शिंगराच्या मानेवरून एकदा गेला आणि पुन्हा आईच्या पाठीवर गेला. ते हललं नाही. मान थोडी पुढे करून तिथंच उभं राहिलं.