सड्यावरचा पट्टेरी भेक

आंबोलीला मी याआधी तीनदा गेले होते. तिन्ही वेळा धबधबा, कांदाभजी, ओले कपडे आणि परत. यंदा जूनमध्ये पहिल्यांदाच बेडूक बघायला गेले. घरात सगळे हसले. हसू देत.

निघण्याआधी होमस्टेच्या अंगणात गाइडने विचारलं, “ताई, डासांचं मलम लावलंत?” मी कौतुकाच्या अपेक्षेने हो म्हटलं. त्याने नळाकडे बोट दाखवलं. बेडूक कातडीतून पाणी शोषतो, श्वासही घेतो. आपल्या अंगावरचं रसायन त्याच्या पाण्यात उतरलं की थेट त्याच्या अंगात. मी पायापासून कोपरापर्यंत सगळं घासून काढलं. मग जळवा? पॅन्ट मोज्यात खोचायची आणि सहन करायचं. (घरी आल्यावर पोटावर एक सापडली. मोज्यांचा काय उपयोग झाला, देव जाणे.)

पहिला अर्धा तास काहीच दिसेना. विहिरीत पडलेली कळशी शोधावी तसा मी टॉर्च सगळीकडे फिरवत होते. “बंद करा. आधी ऐका,” गाइड म्हणाला. अंधारात टिकटिक, किरकिर, टर्र सगळं वेगळं वेगळं व्हायला लागलं. डबक्यावर झुकलेल्या फांदीवर मलबारी उडत्या बेडकांची जोडी होती. पोपटी अंग, बोटांमधला पडदा केशरी. मादी पायांनी फेस घुसळत होती, अगदी ताक घुसळल्यासारखा. अंडी त्या फेसात राहतात आणि पिल्लं खालच्या पाण्यात पडतात. आमच्यातल्या एकाने फोटोसाठी फांदी वाकवायला हात घातला, तेव्हा गाइडचा आवाज पहिल्यांदा चढला.

आंबोली टोड, म्हणजे इथला पट्टेरी भेक, मात्र झाडाझुडपात नव्हताच. तो निघाला सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर. जांभ्या दगडाच्या खळग्यात ताटलीभर पाणी साचलेलं. “पाय तिथंच ठेवा,” गाइड म्हणाला आणि माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर प्रकाश टाकला. इवलासा भेक, रंग दगडाचाच, पण कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं. आंबोलीचा परिसर सोडला तर जगात कुठेच नाही, अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे, आणि संसार मांडतो तो असल्या ताटलीभर पाण्यात! मी तो खळगा ओलांडायच्या ऐवजी त्यातच पाय टाकणार होते. पुढे सड्यावर प्रत्येक पाऊल टाकताना मान खालीच.

परतीला गाडीत बसलो आणि हेडलाइटमध्ये डांबरावर बेडूकच बेडूक दिसले. काही उड्या मारत होते, काही चपटे झालेले. ड्रायव्हरने गाडी थांबवली. मग आम्ही दोघंजण टॉर्च घेऊन पुढे चालत होतो आणि गाडी मागून पहिल्या गिअरमध्ये. होमस्टेपर्यंतचा तेवढासा रस्ता, पाऊण तास लागला.