उजवा म्हणजे कोणाचा उजवा?

आमचं मेंदू संशोधन केंद्र चार विद्यापीठं मिळून उभं करतोय. म्हणजे एक बिल्डिंग वगैरे नाही, चार ठिकाणचे विभाग आहेत, न्यूरोलॉजीचे डॉक्टर, रेडिओलॉजीवाले, मानसशास्त्राच्या मॅडम, भाषाशास्त्राचे सर, सिग्नल प्रोसेसिंगची इंजिनियर मंडळी, आणि माझं काम या सगळ्यांचा डेटा एका साच्यात बसवायचं. करार, प्रत्येक ठिकाणच्या एथिक्स कमिटीची वेगळी परवानगी, पेपरवर कोणाचं नाव आधी, यात दीड वर्ष गेलं, त्याबद्दल लिहीत नाही. लिहायचंय त्या एका मंगळवारबद्दल.

पहिला एकत्र प्रयोग मुद्दाम साधा ठेवला होता. माणूस एमआरआय मशीनमध्ये झोपतो, समोर एकेक शब्द दिसतो, त्याला जुळणारं क्रियापद मनात म्हणायचं, आणि शेवटी काही मिनिटं उजव्या हाताची बोटं आपटायची. बोटांचा भाग फक्त पडताळणीसाठी, कारण त्याचं उत्तर आधीच माहितीये, उजवा हात हलला की डाव्या मेंदूतला हाताचा भाग जास्त रक्त ओढतो आणि मशीनला तेच दिसतं. भाषेचंही बरचसं ठरलेलं, डाव्या अर्ध्या मेंदूचा बोलण्याशी संबंध ब्रोकाने १८६५ मध्येच मांडला होता, आणि उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांमध्ये भाषा डावीकडेच सापडते.

चौथ्या ठिकाणचा डेटा सोमवारी रात्री आला. सकाळी बघितलं तर तिथल्या जवळपास सगळ्यांची भाषा उजवीकडे! सरांना पाठवलं, त्यांचा लगेच फोन, आवाजच बदललेला. तिथले बरेच जण लहानपणापासून दोन-तीन भाषा बोलणारे, त्यामुळेच हे असेल असं धरून सरांनी तासाभरात पेपरसाठी अर्धं पान लिहून पण काढलं, आणि खरं सांगतो, मलाही वाटलं की दीड वर्षाचं चीज झालं. मग चहा घेता घेता बोटांचा नकाशा उघडला. तोही उजवीकडे. पोटात गोळाच आला.

दुपारी सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. मानसशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, आत स्क्रीन आरशातून दिसते, लोकांनी गोंधळून डावा हात हलवला असेल. पण एवढ्या सगळ्यांनी? इंजिनियरने फाइलचे हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला लिहिलेली माहिती, तपासले, सगळे नीट, प्रत्येकात बाजू स्पष्ट लिहिलेली. कोणीतरी विचारलं की सगळे डावखुरे असतील का, तर डॉक्टर म्हणाले, "अहो, माणूस डावखुरा असला तरी त्याचा उजवा हात डावा मेंदूच चालवतो, नसा खाली लंबमज्जेपाशी बाजू बदलतात, त्याला तो माणूस काय करणार."

मग रेडिओलॉजीच्या मॅडमनी स्क्रीन शेअर केली आणि बोट ठेवून म्हणाल्या, ही बघा डावी बाजू. इंजिनियर म्हणाला, नाही मॅडम, ती उजवी. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते! रेडिओलॉजीत चित्र असं बघतात की आपण पेशंटच्या पायापाशी उभे आहोत, म्हणजे त्याचा उजवा भाग आपल्या डाव्या हाताला, आणि संशोधनातली बरीच सॉफ्टवेअर डावं ते डावीकडेच दाखवतात. दीड वर्ष आम्ही मीटिंगमध्ये "इथे, डावीकडे" म्हणत बोटं दाखवत होतो आणि एकानेही विचारलं नव्हतं की कोणाच्या डावीकडे. काही क्षण कॉलवर कोणीच बोललं नाही.

पण त्याने फक्त गोंधळ कळला, चूक कुठे झाली ते नाही, कारण मेंदूचे दोन अर्धे वरवर इतके सारखे की चित्र उलटं झालं तर नुसत्या डोळ्याला कळत नाही. आमच्यातले दोघं तर चारही ठिकाणी जाऊन स्कॅन करून आले होते, मशीन-मशीनमधला फरक मोजायला, पण आम्ही सिग्नल किती येतो, त्यात नको असलेला नॉइज किती, एवढंच तपासलं, बाजू कोणाच्या डोक्यातच आली नाही.

तेव्हा चौथ्या ठिकाणच्या एमआरआय टेक्निशियन ताई बोलल्या. त्यांना कधी मीटिंगला बोलावलेलंच नव्हतं, त्या दिवशी मशीनबद्दल काही विचारायचं म्हणून जोडलं होतं. म्हणाल्या, "तुम्ही कॅप्सूल बघितली का? मी प्रत्येकाच्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ई ची गोळी चिकटवते. आधीपासूनची सवय आहे." त्या गोळीतलं तेल स्कॅनमध्ये पांढरं चमकतं. आम्ही बघणार कशी? ओळख पटू नये म्हणून चेहऱ्याचा भाग कापूनच फाइली आमच्याकडे येतात, त्यात कॅप्सूल गेली, आणि मूळ स्कॅन तिथून बाहेर काढायची परवानगी नाही.

मग ताईंनी तिथेच एकेक मूळ स्कॅन उघडून सांगायला सुरुवात केली आणि मी कागदावर लिहीत गेलो. "कॅप्सूल उजवीकडे. उजवीकडे." सगळ्या उजवीकडे. मशीनमधून निघालेली मूळ स्कॅन आमच्या फॉरमॅटमध्ये बदलतात आणि मग चेहरा कापतात, म्हणून म्हटलं, ताई, आता तीच स्कॅन रूपांतर केल्यानंतरची, चेहरा कापायच्या आधीची उघडा. पहिलीच उघडली आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही डावीकडे गेली."

रूपांतराची स्क्रिप्ट, म्हणजे ते काम करणारा छोटा प्रोग्राम, फार जुनी होती. ती आधी ॲनलाइझ नावाच्या जुन्या फॉरमॅटमध्ये फाइल करायची, ज्यात डावं-उजवं खात्रीने लिहायची सोयच नव्हती, आणि मग तिथून नव्या निफ्टी फॉरमॅटमध्ये नेताना बाजू अंदाजाने भरायची. त्यामुळे हेडर नीटच दिसणार, चुकीची बाजू ठामपणे लिहिलेली. डॉक्टर बराच वेळ गप्प होते, मग हळूच म्हणाले की ऑपरेशनच्या आधी भाषा कुठल्या बाजूला आहे ते बघायला अशीच स्कॅन वापरतात. त्यांचा तो आवाज अजून कानात आहे.

सरांनी ते अर्धं पान स्वतःच काढून टाकलं. मला त्यांचं वाईट वाटलं, पण त्यांनीच पुढे विचारलं की उरलेल्या तीन ठिकाणच्या स्क्रिप्ट कोणी तपासल्यात, आणि रात्री साडेनऊपर्यंत आम्ही तेच करत बसलो. त्या ठीक निघाल्या.

पुढच्या आठवड्यात चारही ठिकाणच्या टेक्निशियनना मीटिंगला घेतलं, ताईंचं नाव पेपरवर घालायचं ठरलं, आणि कॅप्सूल सगळीकडे सक्तीची केली, मूळ आणि रूपांतरित दोन्ही फाइलींत तिची बाजू तिथल्या तिथे तपासून, मगच चेहरा कापायचा. ताई सांगत होत्या आणि मी टाइप करत होतो, उजव्या कानशिलावर, भुवईच्या टोकापासून दोन बोटं मागे. तेवढ्यात दुसऱ्या ठिकाणच्या टेक्निशियनने विचारलं, "उजवा म्हणजे पेशंटचा ना?" ते वाक्य आता आमच्या मॅन्युअलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात आहे, पेशंटचा उजवा.