कंबर नाही, उंची वाढली होती

माझं बुटीक खामल्यात आहे. वर्षभर ब्लाऊज, लेहेंगे, लग्नसराईत डोळ्याला डोळा लागत नाही आणि थंडीत शाळांच्या गॅदरिंगचे ढीग. भरतनाट्यमचे ड्रेस पण शिवते, त्याच ओळखीतून एक बाई मुलीला घेऊन आल्या, म्हणे फिगर स्केटिंगचा ड्रेस पाहिजे. मला वाटलं रोलरवाली असेल, चाकांवर स्केटिंग करणारी पोट्टी आपल्या नागपुरात भरपूर. तर नाही, ही बर्फावरची. नागपुरात बर्फ फक्त रसवंतीत दिसतो, मग ही शिकते कुठे, तर इथे चाकांवर सराव आणि सुट्ट्या लागल्या की रेल्वेने हजार-अकराशे किलोमीटर दिल्लीकडे, तिथे रिंकवर, म्हणजे बर्फ गोठवलेल्या मैदानावर, तासाच्या हिशोबाने पैसे भरून. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठी रिंक बांधली होती, स्पर्धा झाल्या आणि मग ती वर्षानुवर्षं बंदच पडून होती, २०२५ मध्ये कुठे परत उघडली. सिमल्याची १९२० पासूनची, पण ती थंडीतच, ते पण हवामानाची मर्जी असेल तर. आपल्याकडे फीत कापायला सगळे हजर असतात, पुढचं वीजबिल भरायला कोणी सापडत नाही.

असो, मी शिवणकामाबद्दल लिहिते, कारण त्यातलं मला कळतं.

हा ड्रेस शिवणं म्हणजे सोपं काम नाही. कापड फोर वे लायक्रा लागतं, म्हणजे आडवं-उभं दोन्हीकडे ताणलं गेलं पाहिजे आणि सोडल्यावर जागेवर परत आलं पाहिजे. गांधीबागेत अर्धे दुकानदार टू वे कापड फोर वे म्हणून गळ्यात मारतात, तिथेच दुकानात उभं राहून दोन्हीकडून ओढून बघायचं, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी. आणलं की रात्रभर टेबलावर मोकळं पसरून ठेवायचं, थानाला गुंडाळून ताण बसलेला असतो, लगेच कापलं तर सकाळी तुकडे आखडून लहान झालेले. सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची, साध्या सुईने टाके सुटतात. पाठीला आणि बाह्यांना स्किन कलरची जाळी, आणि ती जी मिळते ती आपल्या कोणाच्याच अंगाच्या रंगाची नसते, म्हणून मी चहाच्या पाण्यात उकळून घेते, दोनदा तुकडा वाळवून तिच्या दंडाला लावून बघितला तेव्हा रंग जुळला. खडे इस्त्रीने चिकटवायचे नाहीत, लायक्रा चमकतो नाहीतर जळतो. ड्रेस डमीवर चढवून, ताणलेल्या अवस्थेत एकेक खडा गोंदाने लावायचा, सपाट टेबलावर लावला तर अंगात घातल्यावर कापड ताणतं आणि खडे टपाटप उडतात. आणि उडून चालत नाही. सजावटीचा तुकडा बर्फावर पडला तर अख्खा १ मार्क कापतात. हे मला त्या पोरीनेच सांगितलं, वर म्हणाली, काकू, माझ्या डबल सालको उडीचेच १.३० मार्क आहेत. तेव्हापासून मी प्रत्येक खडा नखाने ओढून बघते.

व्हेरा वँग म्हणून जगातली एवढी मोठी डिझायनर, ती स्वतः आधी स्पर्धेत उतरणारी स्केटर होती, नॅन्सी केरिगनचे १९९२ आणि १९९४ च्या ऑलिम्पिकचे ड्रेस तिचे. ते वाचल्यावर मला माझ्या कामाचा जरा जास्तच अभिमान वाटायला लागला, मास्टर हसतात मला.

तर या मे महिन्यातली गोष्ट. कूलर लावला तर कापडाला ओल येते, बंद केला तर घामाने टेप हातातून निसटते, अशा दुपारी मायलेकी आल्या. मागच्या उन्हाळ्यातला ड्रेस बसत नव्हता. पोरगी १३ ची झालेली, ज्युनिअर गटाला १ जुलैच्या आत १३ पूर्ण लागतात, ते बसतं म्हणून यंदापासून त्या गटात. आल्या आल्या आई म्हणाली, ताई, हिची कंबर वाढली, स्केटिंगच्या सरांनी भात बंद करायला सांगितलाय, तरी लपून खाते वाटतं. पोरीसमोर. पोरगी स्टुलाकडे बघत उभी.

टेप कमरेला लावली तर तिने पोट आत ओढून घेतलं. लग्नाच्या मुली पण ओढतात, पण त्या हसत ओढतात. हिची मान ताठ, गळ्याजवळची शीर दिसायला लागली. म्हटलं सोड श्वास. म्हणाली, असंच घ्या ना काकू. मी टेप तशीच ठेवली आणि विचारलं, ते तुझं सालको म्हणजे नेमकं काय गं? तर एकदम खुलली. डाव्या पायाच्या आतल्या कडेवरून मागे मागे जाताना उडी मारायची, दुसरा पाय गोल फिरवत आणायचा, हवेत दोन फेऱ्या, उजव्या पायावर उतरायचं, असं हातवारे करून सांगताना श्वास सुटला. चोवीस. वहीत मागचं माप साडेतेवीस.

मग गर्थ घेतला. म्हणजे खांद्यावरून टेप पुढून खाली, दोन पायांच्या मधून, पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत. अंगाला चिकटून बसणाऱ्या कपड्यात हेच माप खरं, कमरेला लायक्रा ताणून निघतो पण उंचीला कमी पडला की खांदे काचतात आणि हात वर केला की खालून ड्रेस वर चढतो. मागच्या वर्षी बावन्न होता. आता साडेपंचावन्न. खांदे पण इंचभर रुंद. मी वही सरळ आईसमोर धरली, म्हटलं, बघा ताई, कंबर नाही, पोरगी उंच झालीय, म्हणून बसत नाही.

आईने वही नीट वाचली. मग म्हणाली, म्हणजे अर्धा इंच वाढलीच ना.

मी काय बोलणार यावर.

पोरगी सांगत होती, हिवाळ्यात डबल सालको येत होतं, आता फेरी अपुरी राहते. पाव फेरी कमी पडली की मार्कांच्या कागदावर खूण, अर्धी कमी पडली तर उडी सिंगलची धरतात, १.३० चे ०.४०. सर म्हणतात वजन. मी डॉक्टर नाही का कोच नाही, पण वर्षभरात हात लांबले, पाय लांबले, खांदे रुंदावले, तेवढं सगळं हवेत जवळ ओढून गोल फिरायचं आणि ताकद अजून जुन्याच मापाची, तर अंग सावकाश फिरणारच की. लहान अंगाला हे सोपं जातं म्हणून तर जगभर कोवळ्या पोरी पुढे असायच्या. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकला पंधरा वर्षांच्या रशियन पोरीचं ते डोपिंगचं प्रकरण झालं, त्याच वर्षी सीनिअरचं किमान वय १५ वरून १७ करायचं ठरलं, टप्प्याटप्प्याने, २०२४-२५ पासून पूर्ण लागू. वरच्या लोकांना उशिरा का होईना कळलं. इथे भात बंद.

सर चांगले असतील, मी त्यांना भेटले नाही. पण मापं घेणाऱ्या बाईला दिसतं ते रोज तिला बर्फावर बघणाऱ्या माणसाला काहून दिसू नये, हे काही मला समजत नाही. आईचाही राग येतो आणि येत पण नाही. बूट, पाती, रेल्वे, बर्फाचे तास, सगळं ती बाई नोकरी करून एकटी उभी करते, आणि पोरगी तिच्या डोळ्यासमोर मागे पडतेय.

आई बाहेर स्कूटी काढायला गेली तेव्हा पोरगी हळूच म्हणाली, काकू, वहीत कंबर लिहू नका ना. मी हो म्हटलं. त्या गेल्यावर लिहिली, पुढच्या वेळी कापताना लागणारच आहे, दुसरा उपाय नाही.

ड्रेस मोरपंखी केला. खांद्यावर आणि स्कर्टच्या जोडाखाली दाबून चांगलं मार्जिन ठेवलंय, अजून दोन-अडीच इंच गर्थ उसवून काढता येईल, बाहेरून पत्ता लागणार नाही. मास्टर म्हणाले लायक्रात एवढं मार्जिन कोण ठेवतं, फुगतं. फुगलं नाही, मी दोनदा दाबून शिवलं. ट्रायलला तिला घालून दुकानातच दोन्ही हात वर करायला लावले, मग सालकोचं उड्डाण बिनबुटाचं, फरशीवर, कटिंग टेबल सरकवून. ड्रेस तसूभर सरकला नाही. पोरगी आरशात पाठमोरी वळून जाळी बघत होती, कुठे संपते ते सापडत नाही म्हणाली.

परवा आईचा मेसेज आलाय, ताई, कंबरेचं माप परत एकदा घेऊन ठेवाल का, सरांना दर महिन्याला पाठवायचंय. दोन दिवस तसाच ठेवला. आज लिहिलं, दर महिन्याला या, मी गर्थ आणि उंची लिहून देईन, सरांना तीच पाठवा, कंबरेचं माप मी देणार नाही. निळ्या टिका आल्यात. अजून उत्तर नाही, आणि ड्रेसचे अर्धे पैसे पण राहिलेत.