सिडनीहून क्रूझ घेताना जहाजाआधी बंदरं बघा

क्रूझच्या जाहिरातीत जहाजाचं नाव ठळक असतं, पाण्याच्या घसरगुंडीचा फोटो असतो आणि कोपऱ्यात डॉलरचा आकडा. बंदरांची नावं तळाला, बारीक टायपात. ऑस्ट्रेलियातून वरचेवर क्रूझला जाणारी मंडळी हाच कागद खालून वर वाचतात. आधी बंदरं, मग तिथे जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकणार, मग महिना, आणि सगळ्यात शेवटी जहाज. भारतातून आलेल्या आई-बाबांना बरोबर न्यायचं असेल तर हा क्रम मोडूच नका.

कारण बेत फसतो तो बहुतेक वेळा व्हिसावर. जहाज न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआला किंवा वानुआतूतल्या पोर्ट व्हिलाला लागलं, की कायद्याच्या दृष्टीने तुम्ही ऑस्ट्रेलिया सोडलेली असते. नऊ दिवसांनी त्याच सिडनीत परत उतरायचं असलं तरी तो नवा प्रवेश धरला जातो. आई-बाबांचा सबक्लास ६०० व्हिजिटर व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर तो या क्रूझवर संपतो. म्हणून डिपॉझिट भरण्याआधी व्हिसा मंजुरीचं पत्र काढा आणि प्रवेशाच्या रकान्यात ‘मल्टिपल’ लिहिलंय का ते डोळ्यांनी बघा. घरात कुणी ब्रिजिंग व्हिसा ए वर (नव्या व्हिसाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या व्हिसावर) असेल तर त्याला परत येण्याचा हक्कच नसतो. निघण्याआधी ब्रिजिंग व्हिसा बी मिळवावा लागतो, आणि तो हातात येईपर्यंत बुकिंग करू नये. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी.

न्यूझीलंडच्या क्रूझचा नियम वेगळा आहे आणि भारतीय पासपोर्टवाल्यांना तो सोयीचाही आहे. एरवी भारतीयांना तिथे जायला रीतसर व्हिसा लागतो. पण क्रूझने येऊन त्याच क्रूझने परत जाणाऱ्या प्रवाशाला, पासपोर्ट कुठलाही असो, एनझेडईटीए (ऑनलाइन काढायची प्रवास-परवानगी) चालतो. ॲपवरून काढला तर १७ न्यूझीलंड डॉलर, वेबसाइटवरून २३, आणि शिवाय १०० डॉलर पर्यटन शुल्क. ऑस्ट्रेलियन नागरिकाला यातलं काहीच लागत नाही. इथल्या पर्मनंट रेसिडेंटला मात्र एनझेडईटीए लागतो, फक्त ते १०० डॉलर माफ असतात. मंजुरीला ७२ तास लागू शकतात, तेव्हा आदल्या रात्री फॉर्म उघडून बसू नका. आणि एक मोठी मेख: आई-बाबा ऑकलंडला विमानाने जाऊन तिथून जहाजात चढणार असतील, तर ही क्रूझची सवलत लागू होत नाही, पूर्ण व्हिसा काढावा लागतो. पॅसिफिकमधल्या बाकीच्या बंदरांसाठी भारतीय पासपोर्टवर काय लागतं, ते प्रत्येक बंदराचं नाव घेऊन कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. कागद अपुरे असले तर टर्मिनलवरूनच परत पाठवतात आणि भाडं बुडतं.

आता निघायची जागा. सिडनीत क्रूझ टर्मिनल दोन आहेत. एक सर्क्युलर कीचं ओव्हरसीज पॅसेंजर टर्मिनल, स्टेशनवरून बॅगा ओढत पाच-सात मिनिटांत चालत जाता येईल असं. दुसरं रोझेलजवळचं व्हाइट बे, हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला. पुलाखालची मोकळी उंची साधारण ४९ मीटर, त्यामुळे त्याहून उंच जहाजं सर्क्युलर कीलाच लागतात आणि खालून जाऊ शकणारी बरीचशी व्हाइट बेला. व्हाइट बेला ट्रेन जात नाही. टॅक्सी किंवा राइडशेअर करावी लागते, आणि जहाज रिकामं होतानाच्या सकाळी तिथे गाड्यांची रांग लागते. तिकिटावर नुसतं ‘सिडनी’ बघून सर्क्युलर कीचं हॉटेल घेऊ नका, टर्मिनलचं नाव वाचा. ब्रिस्बेनचं टर्मिनल २०२२ पासून लगेज पॉइंटला आहे. विमानतळाला जवळ, पण तिथेही ट्रेन-बस नाही, गाडी आधी ठरवावी लागते. मेलबर्नकरांची चैन आहे: १०९ नंबरची ट्राम स्टेशन पिअरच्या तोंडाशी सोडते. पर्थवाल्यांना फ्रीमँटल स्टेशनवरून टर्मिनल चालत गाठता येतं. दुसऱ्या शहरातून विमानाने येत असाल तर आदल्या दिवशीच या. विमान रद्द झालं म्हणून जहाज थांबत नाही.

आणि टेंडर. हा शब्द नीट समजून घ्या, कारण पॅसिफिकच्या क्रूझचं निम्मं सुख यावर ठरतं. नूमेआ, पोर्ट व्हिला, लुगनव्हिल, सुवा, लौटोका इथे जहाज धक्क्याला लागतं, जिन्याच्या उताराने तुम्ही चालत बाहेर पडता. लिफू, आइल ऑफ पाइन्स, मिस्ट्री आयलंड, शँपेन बे इथे मोठ्या जहाजाला धक्का नाही. जहाज बाहेर थांबतं आणि त्याच्याच लाइफबोटी माणसांची ने-आण करतात. त्या बोटी म्हणजे टेंडर. इकडच्या किनाऱ्यावर एअरली बीच, मोरटन आयलंड, पोर्ट आर्थर आणि मोठ्या जहाजांसाठी केर्न्सजवळचं यॉर्कीज नॉब हीसुद्धा टेंडरचीच ठिकाणं. न्यूझीलंडमध्ये बे ऑफ आयलंड्स आणि अकारोआ टेंडर, तर टौरंगा, नेपिअर, वेलिंग्टन, पोर्ट चाल्मर्स धक्का. क्राइस्टचर्चसाठी अकारोआ आणि लिटलटन अशी दोन बंदरं वापरात आहेत. पायांचा त्रास असणाऱ्यांनी लिटलटन असलेली क्रूझ शोधावी.

टेंडरमध्ये चढताना काय होतं ते सांगते. जहाजाच्या अगदी खालच्या डेकवर कडेचं दार उघडून एक फळी काढलेली असते. बोट लाटेबरोबर फूट-दीड फूट वरखाली होत असते. दोन खलाशी तुमचे कोपराखालचे हात दोन्हीकडून धरतात. तुम्ही त्यांचा पंजा धरायचा नाही, मनगटाच्या वर पकडायचं, म्हणजे ओल्या हाताची पकड सुटत नाही. बोट वर येऊन क्षणभर स्थिरावली की ते ‘आता’ म्हणतात, त्याच वेळी पाऊल टाकायचं. खांद्यावर पिशवी असेल तर ती आधी त्यांच्याकडे द्या, दोन्ही हात मोकळे हवेत. साडी असेल तर जरा वर खोचून घ्या आणि चपलेला मागे पट्टा असू द्या. व्हीलचेअरवरच्या माणसाला तेवढं एक पाऊल स्वतः टाकता येत नसेल, तर बहुतेक कंपन्या नेत नाहीत. बॅटरीची खुर्ची तर साधारणपणे नाहीच.

लाट वाढली की कॅप्टन टेंडर रद्द करतो आणि ते बंदर गेलं. चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे नेमक्या इथल्या उन्हाळी सुट्टीच्या क्रूझ त्यात येतात. करारात मार्ग बदलायचा हक्क कंपनीकडे असतो. बंदर चुकलं तर त्या बंदराचं शुल्क तेवढं परत मिळतं, भाडं नाही. म्हणून मार्गपत्रिकेत चारपैकी चार बंदरं टेंडरची असतील तर मी ती क्रूझ सुचवणार नाही. दोन धक्क्याची, दोन टेंडरची हा मेळ चांगला. मे २०२४ मधल्या अशांततेनंतर नूमेआ आणि १७ डिसेंबर २०२४ च्या ७.३ तीव्रतेच्या भूकंपानंतर पोर्ट व्हिला मार्गांवरून गळालं होतं. तेव्हा जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका. त्यात पी अँड ओ ऑस्ट्रेलिया या क्रूझ कंपनीच्या जहाजांची नावंही अजून दिसतात. तो ब्रँड मार्च २०२५ मध्ये बंद झाला आणि पॅसिफिक ॲडव्हेंचर, पॅसिफिक एन्काउंटर ही जहाजं आता कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या नावाने चालतात.

बेटांपैकी मिस्ट्री आयलंडवर वस्ती नाही, वीज नाही, दुकान नाही. शेजारच्या अनैत्युम बेटावरचे लोक बोटीने येऊन बाजार मांडतात. ऑस्ट्रेलियन डॉलर चालतात, पण सुट्ट्या छोट्या नोटा न्या, कार्ड चालेल असं धरू नका. प्रवाळावर चालायला पाण्यात घालायचे रबरी तळाचे बूट हवेतच, अनवाणी पायाला प्रवाळाची जखम झाली की उष्ण हवेत ती चिघळते. लिफूला जिनेक बेमध्ये मासे बघायला उतरायचं तर प्रवेशाचे पास मोजके असतात, पहिल्या बोटींतून गेलेल्यांना मिळतात. तिथल्या टेकडीवरचं नोत्र दामचं छोटं चर्च मात्र सगळ्यांसाठी खुलं. नूमेआला पोहणं नको असेल तर आमेदे बेटावरचं दीपगृह बघा: पॅरिसला घडवून आणलेला लोखंडी मनोरा, ५६ मीटर उंच, २४७ पायऱ्या, १८६५ पासून उभा.

वेळेचा घोळही इथेच होतो. न्यू कॅलेडोनिया आणि वानुआतूचं घड्याळ उन्हाळ्यात सिडनीशी जुळतं, हिवाळ्यात सिडनीच्या एक तास पुढे, आणि ब्रिस्बेनच्या बारा महिने एक तास पुढे. जहाज मात्र आपली ‘शिप टाइम’ लावून चालतं. किनाऱ्यावर उतरलं की फोन आपोआप बदलतो आणि माणूस चुकतो. मनगटावर साधं घड्याळ बांधा, ते जहाजाच्या वेळेला लावा आणि शेवटची टेंडर सुटायची वेळ हातावर लिहून ठेवा. फोन जहाजावर फ्लाइट मोडमध्येच ठेवा. समुद्रातलं उपग्रही नेटवर्क नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही.

बुकिंगचं गणित. जाहिरातीतलं भाडं माणशी, एका केबिनमध्ये दोघं धरून असतं. एकट्याने जायचं तर जवळजवळ दुप्पट. ‘गॅरंटी’ केबिन स्वस्त पडते, कारण कुठली खोली द्यायची ते कंपनी ठरवते. लाट सोसत नसेल तर हा मोह टाळा आणि जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकची केबिन स्वतः निवडा, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. सिडनीहून नूमेआला जाताना दोन दिवस नुसता समुद्र असतो. चौघांची केबिन हवी असेल तर शाळेच्या सुट्ट्यांसाठी वर्षभर आधी हलायला हवं. त्या खोल्या मोजक्या असतात, शिवाय त्या भागाच्या लाइफबोटीतल्या जागा भरल्या की खोली रिकामी असूनही चौघांना देत नाहीत. शेवटचा हप्ता साधारण अडीच-तीन महिने आधी भरावा लागतो. त्या तारखेच्या आदल्या आठवड्यात भाडं पुन्हा तपासा. उतरलं असेल तर एजंटला फोन करून फरक मागा, हप्ता भरल्यावर ही संधी जाते. कार्निव्हलच्या इथल्या जहाजांवर खर्च ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये लागतो, रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर अमेरिकन. परदेशी चलनावर ३ टक्के न लावणारं कार्ड जोडलेलं बरं.

नेहमीच्या प्रवाशांसाठी रॉयलची गुणपद्धत सोपी आहे: रात्रीला एक गुण, स्वीटमध्ये दोन, एकट्याने दुप्पट भाडं भरलं तरी एक जादा. ८० गुणांना डायमंड दर्जा, आणि तिथून रोजची काही पेयं मोफत मिळतात. पुढची क्रूझ जहाजावर असतानाच बुक केली तर बहुतेकदा ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायला रक्कम, मिळतं. तारीख पक्की नसली तरी नंतर बदलता येते का, तेवढं मात्र विचारून घ्या.

विमा. मेडिकेअर, म्हणजे ऑस्ट्रेलियाची सरकारी आरोग्य योजना, जहाजावर चालत नाही, अगदी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने जाणाऱ्या क्रूझवरसुद्धा. आणि साध्या देशांतर्गत प्रवास विम्यात उपचाराचा खर्च नसतो. त्यामुळे ‘क्रूझ कव्हर’ असा स्पष्ट उल्लेख आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च असलेली पॉलिसी घ्या. आई-बाबांचा रक्तदाब, मधुमेह आधी नोंदवा, न सांगितलेला आजार हेच दावा फेटाळण्याचं पहिलं कारण ठरतं. औषधं हातातल्या बॅगेत, कारण मोठ्या बॅगा केबिनच्या दाराशी कधीकधी संध्याकाळी पोहोचतात.

शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवा आणि पहिल्या रात्री हेड वेटरला भेटून दुसऱ्या दिवशीचं सांगून ठेवा. बऱ्याच जहाजांवर गोव्याची मुलं कामाला असतात. कोकणीत दोन शब्द बोललात तर त्यांचा चेहरा खुलतो आणि वरण-भाताची सोय कुठे होईल ते तेच सांगतात. घरचे लाडू-चिवडा चढताना अडवला जाऊ शकतो, कंपनीचं सीलबंद पाकीट सहसा चालतं. इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टरचा बोर्ड काढून घेतात. जेवणाआधी हात साबणानेच धुवा, उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर जेल पुरेसं पडत नाही.

उतरताना फळ, दही, सँडविच काहीही बाहेर नेऊ नका. न्यूझीलंडमध्ये पिशवीत विसरलेल्या एका सफरचंदाला जागेवर ४०० डॉलर दंड आहे. कांगारू आयलंडला मध नेता येत नाही, तिथल्या लिगुरियन मधमाश्यांच्या रक्षणासाठी. परतताना बेटावरून घेतलेली झावळीची टोपली, लाकडी मुखवटा, शिंपल्यांची माळ, सगळं इनकमिंग पॅसेंजर कार्डवर ‘हो’ म्हणून लिहा. लिहिलेल्या वस्तूला दंड नाही, फार तर ती ठेवून घेतात. प्रवाळ आणि मोठ्या क्लॅमचे शिंपले मुळात विकतच घेऊ नका. प्रौढाला २.२५ लिटर दारू आणि ९०० डॉलरपर्यंतचा माल करमुक्त आहे. परतीचं विमान असेल तर दुपारी बारानंतरचं काढा, आणि आपली बॅग स्वतः उचलता येत असेल तर ‘सेल्फ डिसएम्बार्क’ची चिठ्ठी आदल्या संध्याकाळीच मागून घ्या.